रांगेच्या टोकाची जागा

मंदार,

काल फायनल झाली, आणि तिथे जे झालं ते तुलाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो माझ्याकडे ज्या नजरेने बघेल ती नजर मला पाठ आहे. इतकी वर्षं मी तुझ्याकडे तशाच नजरेने बघत आलो.

मंडळाच्या ग्रुपवर तुझी सगळी माहिती आली होती. जन्म भांडुपचा, शिक्षण अमुक, ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये नोकरी, मनमिळाऊ स्वभाव, हार्ट अटॅक, ओम शांती. मनमिळाऊ! तू माझ्याशी ज्या हट्टाने भांडलास तसा माझा सख्खा भाऊही कधी भांडला नाही. ज्याने ते लिहिलं त्याला बिलीचं नावही माहीत नसावं. तुझ्याबद्दल लिहायचं आणि बिली वगळायची म्हणजे गणपतीचं वर्णन करून सोंड विसरायची.

बिली म्हणजे कान असलेलं पत्र्याचं डबडं. इथले जुने लोक त्यात उघड्यावर चहा उकळायचे. युनिच्या कॉलेजांनी, म्हणजे आपण राहायचो त्या हॉस्टेलांनी, पहिल्यांदा आपसांत रग्बीची टूर्नामेंट भरवली तेव्हा कप आणायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, म्हणून जिंकणाऱ्यांना मेसमधलं ते डबडं दिलं. आजही तेच देतात, आणि टूर्नामेंटलाही बिलीच म्हणतात. हा सगळा इतिहास तू खणून काढलास. गाई हाकलून कुरणात मारलेल्या चुन्याच्या रेघा, कोळशाच्या खाणीतल्या लाकडांचे गोलपोस्ट, ग्राउंड पाण्याखाली गेलं त्या वर्षी किनाऱ्यावरच्या वाळूत झालेली फायनल, मुलींची टूर्नामेंट सुरू झाली तेव्हा नाकं मुरडणारे आणि आता पहिल्या रांगेत खुर्च्या टाकून बसणारे आजोबा. सुट्टीच्या दिवशी तू या आजोबांच्या घरी जाऊन रेकॉर्डर लावून बसायचास. शुभा म्हणायची, माझ्या नवऱ्याला स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारा, डोकं खाजवेल; पण इथल्या कुणाचा गुडघा कुठल्या मॅचला मोडला ते विचारा, रात्रभर सांगेल.

रग्बी तुला कुणी शिकवली नाही. भांडुपच्या मैदानात कबड्डी खेळून आलेला माणूस तू. "अरे तीच आहे ती," तू मला पहिल्याच दिवशी म्हणाला होतास, "फक्त यांना श्वास घ्यायची परवानगी आहे." मी नुकताच पुण्याहून आलेलो, तुझ्या शेजारच्या खोलीत, डाळ कशी करतात हेही माहीत नसलेला. तू मला डाळ करून घातलीस आणि बदल्यात पाण्याच्या बाटल्यांची पिशवी माझ्या खांद्याला अडकवून ग्राउंडवर उभं केलंस. त्यामुळे ती गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. तिचा मी साक्षीदार आहे, आणि खरं काय ते माहीत असलेला आता एकटाच.

त्या वर्षी तुमच्या कॅप्टनचा घोटा दुखावला आणि फायनलला त्यांनी तुला कॅप्टन केलं. तू इतका घाबरला होतास की तुझं इंग्रजी गेलं. सगळ्यांना तू रांगेत उभं केलंस आणि स्वतःपासून सुरू करून एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत मराठीत मोजायला लागलास. एक, दोन, तीन. पंधरावा झाला. तू थांबला नाहीस. एक पाऊल पुढे सरकलास आणि जिथे कुणीच नव्हतं तिथे, हवेत, उंचावर हात ठेवलास. ठेवलास म्हणजे खरोखर ठेवलास. हात हवेत धरलेला माणूस वेगळा दिसतो आणि कशावर तरी टेकवलेला वेगळा. मी तेव्हाही ते पाहिलं होतं आणि लगेच विसरायचं ठरवलं होतं.

"व्हॉट्स दॅट, मेट?" रांगेतल्या कुणीतरी विचारलं.

तुझे कान लाल झाले. "ओल्ड बिली ट्रॅडिशन," तू म्हणालास. "कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

एकानेही 'नाही' म्हटलं नाही. आपल्याला माहीत नाही हे कबूल करायची लाज जगात सगळीकडे सारखीच. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. पुढच्या वर्षी दोन्ही टीमच्या कॅप्टननी ते केलं. त्याच्या पुढे केव्हातरी फर्स्ट इयरचा एक मुलगा तुलाच समजावून सांगत होता की हे अगदी पहिल्या फायनलपासून चालत आलंय, आणि तू "रिअली?" म्हणून ऐकून घेत होतास. मी हसून हसून बाटल्या सांडल्या.

ते खरं कुठून आलं हे तू मला हॉस्टेलच्या लाँड्रीत सांगितलंस. मशीनमधले कपडे ड्रायरमध्ये टाकता टाकता, माझ्याकडे न बघता. तुझा मोठा भाऊ, दादा, तुमच्या टीमचा सगळ्यात भारी चढाई करणारा. ताडमाड उंच. चढाईला जाण्याआधी मांडीवर असा शड्डू ठोकायचा की पलीकडच्या चाळीतल्या बायका खिडकीत यायच्या. कावीळ झाली आणि चार दिवसांत गेला. पुढच्या मॅचला तुमचा कॅप्टन सवयीने गडी मोजत आला, शेवटी तू होतास, आणि तुझ्यापुढे दादा असायचा म्हणून त्याचा हात आपोआप पुढे गेला आणि तिथेच राहिला. मग दर मॅचला तसंच करू लागले. "मला म्हणायचा," तू हसत सांगितलंस, "मंद्या, शड्डू ठोकतोयस की भाकरी थापतोयस? माझा आवाजच यायचा नाही रे." मग हसणं थांबलं आणि तू ड्रायरचं दार लावून त्याच्यासमोर बसून राहिलास, कपडे वाळेपर्यंत.

भाकरीचं हे तू शुभालाही सांगितलं नव्हतंस. मी तिला परवा सहज विचारून पाहिलं. दादा होता आणि तरुणपणीच गेला, एवढंच तिला माहीत.

तर आपलं भांडण. तू इतिहास लिहायला घेतलास तेव्हा मी म्हटलं, आता हे पण लिही. स्पष्ट लिही की ही प्रथा एका भांडुपकराने घाबरून सुरू केली आणि थाप मारली. मजा येईल लोकांना. तू टाळत राहिलास. मला वाटायचं तुला लाज वाटते. मग तो दिवस आला, कीथच्या टेपचा.

कीथ हा निवृत्त डेंटिस्ट, आपण जन्मण्याआधी बिली खेळलेला, आणि माझा पेशंट. पेशंटचं बाहेर सांगू नये, पण तो स्वतःच गावभर सांगत फिरतो की या विनयने मला कानाचं मशीन दिलं नसतं तर मी बायकोचं बोलणं ऐकण्यापासून वाचलो असतो. मी लोकांचे कान तपासतो. काय ऐकू येतं आणि काय येऊ शकत नाही, हे सांगायचंच मला पगार मिळतो. म्हणून तू टेप घेऊन माझ्याकडे आलास. जेवणाच्या सुट्टीत, न कळवता. म्हणालास, "विन्या, तुझ्या त्या आवाजबंद खोलीत चल."

ती खोली तुला आवडायची नाही. आत बसून दार लावलं की माणसाला स्वतःचं रक्त वाहिलेलं ऐकू येतं. आपण दोघे गुडघ्याला गुडघा लावून बसलो आणि तू बटण दाबलंस. तू विचारत होतास, ती रांगेच्या टोकाची जागा, ती कशाची? मला वाटलं, तू मुद्दाम गंमत करतोयस. कीथ त्याच्या त्या निवांत सुरात बोलायला लागला. ती होय, ती धुक्यातल्या पोराची. त्याच्या वेळच्या एका फायनलला समुद्रावरून धुकं आलं, इतकं की चेंडू पास केला तर कुणी पकडला ते ओरडून विचारावं लागायचं. त्यात एक उंच पोरगा होता. तो पळायच्या आधी मांडीवर थाप मारायचा, बंदुकीसारखा आवाज व्हायचा आणि मग तो अंगावर यायचा. शेवटी चेंडू घेऊन समुद्राकडच्या टोकाला धुक्यात गेला. परत आला नाही. शिट्टी झाल्यावर सगळे शोधायला गेले तर रेषेच्या पलीकडे चेंडू नीट ठेवलेला. मग दोन्ही कॅप्टननी आपापली पोरं मोजली.

"आणि कोण हरवलं होतं?" टेपवर तुझा आवाज.

"कोणीच नाही," कीथ म्हणाला. "तीच तर गोष्ट आहे, मेट. दोन्हीकडे पूर्ण पंधरा. कोणीच कमी नव्हतं."

आणि मग ती थाप कशी होती ते दाखवायला त्याने स्वतःच्या मांडीवर हात मारला. त्या बंद खोलीत तो आवाज माझ्या छातीत लागला. तू डोळे मिटले होतेस.

"तसाच?" मी विचारलं.

"तसाच."

मी लगेच वकिली सुरू केली. सगळं सांगितलं. म्हाताऱ्यांची आठवण गोधडीसारखी असते, कुठलाही तुकडा कुठेही शिवलेला. त्याने तुला खेळताना पाहिलंय, तू मांडीवर थाप मारतोस, तेच त्याने जुन्या धुक्यात नेऊन चिकटवलं. कीथ खेळत होता तेव्हा दादा जन्मलासुद्धा नव्हता. तू शांतपणे ऐकून घेतलंस. म्हणालास, "माझी थाप कुणाला ऐकू येते रे? तू इतकी वर्षं लाइनवर उभा राहतोस, तुला कधी आली?"

आली नव्हती. मी तरीही म्हटलं, "अरे, तू इतिहास लिहितोयस की भुताटकी?"

"मला वाटायचं मी थाप मारली," तू म्हणालास. "पण मी सुरू केलं की मला कुणी करायला लावलं, ते आता मलाच कळत नाहीये. असं कसं लिहू?"

हे भांडण आपण पुढे नेहमी केलं. तुझ्या अंगणात, सिडनीच्या ट्रेनमध्ये, तुझ्या रेवाच्या बर्थडेला, एकदा तर शुभाने दोघांनाही स्वयंपाकघरातून हाकललं होतं. इतिहासाचं बाकी सगळं लिहून झालं, ते प्रकरण तेवढं राहिलं. तू म्हणायचास, हा विंटर जाऊ दे. दर विंटरला.

एक कबूल करतो, तू असताना केलं नसतं. तुझ्यामुळे मला ते ग्राउंड कधी नुसतं ग्राउंड दिसलं नाही. एका बाजूला डोंगराचा कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, दूर पोर्ट केंबलाच्या स्टीलच्या कारखान्याची वाफ. दुपार कलते न कलते तोच कड्याची सावली गवतावरून सरकत समुद्राकडे जाते, आणि रांग उभी राहते ती नेमकी त्या सावलीच्या कडेला. मॅचच्या आधी सगळ्या ग्राउंडभर सीगल बसलेले असतात. रांगेच्या टोकाला मात्र गवताचा एक तुकडा मोकळा असतो. तू दाखवल्यावर मी म्हटलं, तिथे किडे नसतील. पुढच्या वर्षीही म्हटलं. पण दर वर्षी ग्राउंडवर पोचलो की आधी तिकडेच बघायचो, आणि तो तुकडा दर वर्षी मोकळाच असायचा.

आणि आईचं. सीमा बंद होत्या, विमानं नव्हती, पुण्यात आई गेली आणि मी फोनच्या पडद्यावर तिला अग्नी दिलेला पाहिला. त्या आठवड्यात तू एका सकाळी आलास आणि काही न सांगता मला ग्राउंडवर घेऊन गेलास. चिटपाखरू नव्हतं. तू मला रेषेवर उभं केलंस, स्वतः शेजारी उभा राहिलास. स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणालास, एक. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, दोन. मग माझ्या पलीकडे जाऊन, खाली वाकून, आईची उंची तुला बरोब्बर आठवत होती, तिथे हात ठेवलास. "काकू," एवढंच म्हणालास.

मला काही जाणवलं नाही, मंदार. ना स्पर्श, ना वास, काहीच नाही. मी तुला तसं सांगितलंही. पण त्या जागेकडे पाठ करायची माझी हिंमत झाली नाही. गाडीपर्यंत मी उलटा चालत आलो आणि तू हसला नाहीस, माझ्या बरोबरीने उलटा चालत राहिलास. त्याबद्दल तुझे आभार मी मानले नाहीत. आपल्यात तसलं काही नव्हतं. आता मानतो.

तू गेलास तेव्हा मी तीन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी कानात बघत होतो. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

परवा रेवा क्लिनिकवर आली. तुझी पोरगी यंदा तिच्या कॉलेजची कॅप्टन आहे आणि मुलींच्या फायनलला पोचली, हे तुला माहीतच होतं. सेमीफायनलची कॉमेंट्री माईकवर तूच केली होतीस. दारातच उभी राहिली. खांदे अगदी तुझे.

"काका, ऑनेस्टली सांग. बाबाने ते मेक अप केलं होतं ना? काउंटचं."

"कोण म्हणालं?"

"नोबडी. मलाच वाटतं. आय न्यू हिज फेस. कुणी त्याबद्दल विचारलं की त्याचे कान लाल व्हायचे." तिने नाक पुसलं. "टीमच्या मुली म्हणतायत, या वेळी ती जागा युअर डॅडची. सगळे बघणार, आई बघणार. जर तो जोक असेल तर आय कान्ट डू इट, काका. मी माझ्या बाबासाठी रिकाम्या हवेवर हात नाही ठेवणार. आय जस्ट कान्ट."

इतकी वर्षं मी तुला खरं सांग, खरं लिही म्हणून छळलं, आणि आता ते सांगायची पाळी माझ्यावर आली. थाप होती म्हटलं असतं तर तिने हात ठेवला नसता. जुनी प्रथा आहे म्हटलं असतं तर मी खोटा ठरलो असतो, आणि तिने माझे कान बघितले असते. मला तुझा राग आला. मरण्याचा नाही, त्याचा येऊन गेला. या पोरीला एक काका होता हे तू वीस वर्षांत तिला नीट सांगितलं नाहीस याचा आला. सगळ्या गावाला तो दाखवलास आणि घरात लपवलास!

मी सांगितलं. घाबरलास ते, मराठीत मोजलंस ते, लाल कानांनी मारलेली थाप, भांडुप, दादा, कावीळ, पुढे गेलेला तो हात. कीथची टेप आणि ते भाकरीचं सांगितलं नाही. ती आधीच रडत होती.

"म्हणजे जोक नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"ती जागा कुणाचीतरी आहे. ऑलरेडी."

"तुझ्या मोठ्या काकाची."

"मग बाबा कुठे उभा राहणार?" तिने विचारलं.

काल ग्राउंड भरलं होतं. लाउडस्पीकरवर कुणीतरी पोरगा होता, स्पष्ट उच्चार, एक चूक नाही आणि अगदी बेचव. तू असतास तर माईक बंद करायला विसरून "अरे पकड ना तिला!" असं अख्ख्या गावाला ऐकवलं असतंस. शुभा गर्दीपासून लांब, कुंपणाला धरून उभी होती. मी कीथच्या शेजारी खुर्ची टाकली. वारा जोराचा होता म्हणून त्याने मशिनं काढून शर्टाच्या खिशात टाकली होती. वाऱ्यात ती शिट्ट्या मारतात. मी खिशाकडे बोट दाखवलं तर हात हलवून म्हणाला, "नो वरीज, डॉक्टर, बघायलाच आलोय."

मशिनांशिवाय कीथला किती ऐकू येतं हे मला माहीत आहे. त्याच्या नाकासमोर टाळी वाजवली तर तो तुमच्या हातांकडे बघून ओळखतो.

सीगल उडाले. सावली आली. रेवाने पोरींना रांगेत उभं केलं आणि मोजायला लागली. मंदार, ती मराठीत मोजत होती. तिला शंभरपर्यंत धड येत नाही, एकोणतीस आणि एकोणचाळीसमध्ये गोंधळते, पण पंधरापर्यंत येतं. एक, दोन, तीन. सगळं ग्राउंड गप्प होतं. त्या मोजणीला कुणी बोलत नाही, ही पण तुझीच प्रथा, किंवा तुझी नसलेली. कड्याखालून सिडनीची ट्रेन गेली, तिचा आवाज विरला आणि नंतर फक्त समुद्र उरला. रेवा पंधराव्या मुलीच्या पुढे गेली. हात उचलला. खूप उंच उचलला, चवड्यांवर उभी राहिली आणि तिथे ठेवला. दादाची उंची मी तिला सांगितली नव्हती. सांगितली असेलही, मला नक्की आठवत नाही, आणि मी नक्की न आठवण्यालाच घट्ट धरून बसलो आहे.

मग ती आणखी एक पाऊल पुढे गेली. गर्दीत थोडी कुजबुज झाली, कारण हे कुणी कधी केलं नव्हतं. तिने दुसरा हात ठेवला, तुझ्या खांद्याच्या उंचीवर. दोन्ही हात लांब करून, दोन माणसांच्या मध्ये उभं राहिल्यासारखी ती उभी राहिली. तुझा हात हवेत धरलेला दिसायचा नाही हे मी लिहिलं ना, तिचेही दोन्ही दिसत नव्हते.

आणि मी ऐकत होतो. कोण? मी! तुला भुताटकी म्हणणारा मी, खुर्चीच्या कडेला सरकून, श्वास रोखून, कान लावून बसलो होतो. माझे कान उत्तम आहेत, दर वर्षी तपासतो. मला समुद्र ऐकू आला, कुंपणाची तार ऐकू आली, कुणाच्या तरी कुत्र्याचा पट्टा. दुसरं काही नाही.

कीथने मान तिरकी केली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, जुना मित्र दिसल्यावर येतं तसं.

"दोघं आहेत," तो म्हणाला.

मला वाटलं त्याने रेवाचे हात पाहिले. मी ओठ नीट हलवत विचारलं, "काय दोघं?"

"थापा." त्याने स्वतःच्या मांडीकडे बोट दाखवलं. "पहिला तोच, आपला जुना. बंदुकीची गोळी! पण हा दुसरा," तो हसायला लागला, अगदी प्रेमाने, "या दुसऱ्याच्या हातात काही दम नाही, मेट. घरात कुणी पीठ थापत बसलंय असं वाटतं."

मी त्याच्या खिशाकडे पाहिलं. मशिनं दोन्ही आत होती, त्यांचे छोटे दिवे बंद.

शिट्टी झाली आणि मॅच सुरू झाली. त्यातलं मला फार काही दिसलं नाही. रेवाची टीम हरली, थोडक्यात हरली, शेवटी तिला दोघींनी मिळून आडवं पाडलं आणि ती हसत उठली, तू उठायचास तशी, आधी एक गुडघा. बिलीतून जिंकलेल्यांनी चहा प्यायला आणि हरलेल्यांनाही दिला. शुभा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. रेवाने येऊन विचारलं, "काका, कीथ काय म्हणत होता तुला? यू वेंट व्हाइट." मी म्हटलं, घरी चल, सांगतो, भाकरीची एक गोष्ट राहिली आहे सांगायची. काल सांगितली. ती हसली आणि मग तुझी आई रडायची तशी आवाज न करता रडली, शुभाच्या मांडीवर डोकं ठेवून.

तुझं ते राहिलेलं प्रकरण मी लिहीन. भांडुपही लिहीन आणि धुकंही लिहीन, आणि आधी काय होतं ते मला माहीत नाही असंही लिहीन. तू जिंकलास असं समजू नकोस. कीथने तुला कुठे कुठे पाहिलं असेल, कुणाकडून काय ऐकलं असेल, याचा मी अजून विचार करतोय. सकाळी क्लिनिक उघडण्याआधी त्या आवाजबंद खोलीत जाऊन दार लावून बसलो होतो. फक्त माझंच रक्त ऐकू आलं. मला भीती वाटली नाही, मंदार. मला वाईट वाटलं. त्या बहिऱ्या म्हाताऱ्याला ऐकू येतं आणि मला येत नाही, याचं मला लहान मुलासारखं वाईट वाटलं.

पुढच्या विंटरला मी तिथेच बसेन, कीथच्या शेजारी, त्याच्याहून पुढे खुर्ची टाकून. दादाचं ठीक आहे, तो मला ओळखत नाही. तू तरी जरा जोर लाव. नीट शड्डू ठोक, मंद्या, भाकरी काय थापतोस?

तुझा,
विन्या